विषुववृत्ताकडून घरच्या हिवाळ्यात

अमेरिकेस अथवा कॅनडास जाणाऱ्या मंडळींना थंडीविषयी उपदेश करण्याचा प्रसंग सहसा येत नाही. निघण्यापूर्वी दोन-दोन महिने त्यांच्या घरात लोकरी कपड्यांची मसलत चाललेली असते, आणि तेथून परतताना तर ठाण्याची हवा म्हणजे सुटका असेच त्यांस वाटते. परंतु सिंगापुरास किंवा क्वालालंपुरास मुलाकडे अगर मुलीकडे काही महिने राहून, तेथील मराठी मंडळाची दिवाळी आटोपून, डिसेंबरच्या सुमारास डोंबिवलीस परतणाऱ्या गृहस्थास 'अंगावर काही गरम असू द्या' असे कोणी सुचविले, तर तो हसतो आणि म्हणतो, "डोंबिवलीला कसली आली आहे थंडी!" पुढल्या पंधरवड्यात हाच गृहस्थ गळ्याभोवती मफलर गुंडाळून, कोरड्या खोकल्याने हैराण होऊन, औषधांच्या दुकानापुढे उभा असलेला दिसतो. आपला हिवाळा सौम्य आहे हे खरे. पण सौम्य म्हणून त्याची दखलच न घेणे हे निराळे, आणि विषुववृत्ताच्या जवळ महिनोन् महिने काढून आलेल्या शरीरास ही बेपर्वाई परवडत नाही, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ही शहरेदेखील भूगोलाच्या हिशेबाने उष्ण कटिबंधातच मोडतात, मग हा सारा खटाटोप कशाला, अशी शंका एखादा चाणाक्ष वाचक काढील. शंका रास्त आहे. तथापि एकाच कटिबंधातील दोन गावांच्या ऋतुमानात किती अंतर असू शकते याचे हे उत्तम उदाहरण होय. सिंगापूर विषुववृत्तापासून दीड अंशाच्याही आत आहे. तेथे वर्षातील सर्वांत मोठा दिवस आणि सर्वांत लहान दिवस यांत दहा मिनिटांचेही अंतर नाही, पहाटेचा पारा २४-२५ अंशांच्या खाली क्वचितच उतरतो, दुपारी तो ३१-३२ पर्यंत चढतो, आणि हवेतील आर्द्रतेची सरासरी ८० टक्क्यांच्या आसपास राहते. ठाणे १९ अंशांवर आहे. येथे डिसेंबरअखेरीचा दिवस सुमारे अकरा तासांचा होतो, सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस सहाच्या ठोक्यालाच उरकतो, आणि दिवस मोठा होऊ लागला तरी सूर्योदय मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत लांबतच जाऊन सव्वासात वाजेपर्यंत येऊन ठेपतो. म्हणून संक्रांतीच्या आसपासच्या सकाळी सर्वांत आळसावलेल्या वाटतात. या दिवसांत डोंबिवलीत पहाटे १५-१६ अंश आणि त्याच दिवशी दुपारी दोन वाजता ३१-३२ अंश असा प्रकार नित्याचा असतो. सिंगापुरात जी तफावत सात-आठ अंशांची, ती येथे दुप्पट होते, आणि दुपारची हवा तर कित्येकदा ४० टक्क्यांहूनही कमी आर्द्रतेची, म्हणजे तेथल्या मानाने अगदी शुष्क असते. आपल्याकडे माणूस आजारी पडतो तो बहुधा या तफावतीने आणि शुष्कतेने. निव्वळ गारठ्याने पडणारे थोडे.

समुद्रापासून आपण किती आत राहतो यावरही पुष्कळ अवलंबून असते. २२ जानेवारी १९६२ रोजी मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेत पारा ७.४ अंशांपर्यंत उतरला होता, आणि त्याच दिवशी पाण्याने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या कुलाब्यास मात्र तो ११.७ वरच थांबला. एका शहराच्या दोन टोकांत चार अंशांहून अधिक फरक पडला तो केवळ समुद्राच्या सान्निध्याने. पाणी सावकाश तापते व सावकाश निवते, जमीन लवकर तापते व लवकर निवते, आणि निरभ्र रात्री तर ती आपली उष्णता मुक्तहस्ताने आकाशात सोडून देते. ठाण्याहून कल्याणकडे, कल्याणहून अंबरनाथ-बदलापूरकडे जावे तसतसा खाडीचा आधार सुटत जातो, माथेरानच्या डोंगररांगा जवळ येतात, आणि उत्तरेकडे हिमाचल-काश्मिरात बर्फ पडून तिकडील वारे खाली उतरू लागले की बदलापुराकडे १०-११ अंशांची वार्ता येते. यास्तव ठाण्यास नौपाड्यात राहणाऱ्या बहिणीने सांगितलेला थंडीचा अंदाज कल्याणच्या भावाने जसाच्या तसा ग्राह्य धरू नये. दोन अंश कमीच धरावेत.

आता शरीराचा विचार. उष्ण व दमट हवेत माणूस राहू लागला म्हणजे दहा-पंधरा दिवसांत त्याचे शरीर त्या हवेशी करार करून टाकते: घाम लवकर सुटू लागतो, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, त्वचेकडील रक्तवाहिन्या सैल राहतात, जेणेकरून आतील उष्णता सुखाने बाहेर पडावी. परतल्यानंतर हा करार एका रात्रीत रद्द होत नाही; तोही उलगडावयास तितकाच अवधी घेतो. म्हणून पहिला पंधरवडा हाच काय तो जपण्याचा काळ होय. त्यानंतर आपण पुन्हा पहिल्यासारखे डोंबिवलीकर होतो, आणि मग हा लेख बाजूस ठेवण्यास हरकत नाही.

प्रवासातच पहिली चूक होते. स्वेटर, शाल, कानटोपी हे जिन्नस निघताना मोठ्या बॅगेच्या तळाशी गेलेले असतात, कारण सिंगापुरात डिसेंबर हा पावसाचा महिना, आणि बाहेरच्या चिकट गरमीत लोकरीचे नाव काढवत नाही. सिंगापूरचा खरा हिवाळा इमारतींच्या आत असतो. तेथील मॉलमध्ये आणि आगगाडीत आपल्याकडील वडीलधारी मंडळी शाल पांघरून बसलेली मी पाहिली आहेत, परंतु तीच मंडळी परतताना ती शाल सामानात बांधून टाकतात. विमान रात्री-अपरात्री उतरते, टॅक्सी ऐरोलीचा पूल ओलांडून महापे-शिळफाट्याच्या रस्त्याने निघते, चालकाने आपली काच खाली ठेवलेली असते, आणि मागल्या आसनावरील सत्तरीच्या आजी सुती साडीनिशी ते वारे घेत घरापर्यंत येतात. एक शाल, एक कानटोपी आणि मोज्यांचा एक जोड हातातील पिशवीत ठेवण्याची तजवीज करावी. त्यांचे वजन ते काय!

दुसरी अडचण घड्याळाची, आणि ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. सिंगापूरचे घड्याळ आपल्या घड्याळाच्या अडीच तास पुढे आहे. हे अंतर अमेरिकेच्या तुलनेत क्षुल्लक म्हणून कोणी त्याची वास्तपुस्त करीत नाही. पण तेथे सकाळी सातला उठण्याची सवय लागलेला मनुष्य येथे पहिले तीन-चार दिवस पहाटे साडेचारला टक्क जागा होतो. घरातील इतर मंडळी झोपलेली, चहाची वेळ व्हावयाची, आणि तेथे रोज उठून फिरावयास जाण्याचा परिपाठ पडलेला. तेव्हा तो पायांत चपला सरकवून खाली उतरतो व पाच वाजता तलावपाळीस किंवा भागशाळा मैदानाकडे चालू लागतो. चोवीस तासांतील सर्वांत थंड आणि सर्वांत धुरकट घटका नेमकी तीच असते.

धुरकट का, तेही समजून घेतले पाहिजे. एरव्ही जमिनीलगतची तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि आपल्याबरोबर धूर व धूळ घेऊन जाते. हिवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्री जमीन इतकी निवते की तिच्या लगतची हवाही थंड व जड होऊन तळाशी बसते, आणि वर थोडी उबदार हवा झाकणासारखी पसरते. मग घोडबंदर रस्त्यावरील बांधकामांची धूळ, वाहनांचा धूर, कोठे पेटविलेल्या कचऱ्याचा धूर, डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीकडील दर्प, हे सारे त्या झाकणाखाली कोंडून राहते. पहाटे कल्याणच्या दुर्गाडीपाशी खाडीवर जो करडा पट्टा दिसतो, त्यास धुके समजून कवित्व करणारे पुष्कळ आहेत. त्यात धुक्याइतकाच धुराचाही वाटा असतो. ऊन तापून जमीन उबदार झाली की झाकण सुटते. म्हणून पहिल्या पंधरवड्यात तरी फिरणे सकाळी आठ-साडेआठच्या पुढे ढकलावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे 'समीर' हे ॲप मोबाइलवर ठेवून हवेचा निर्देशांक पाहावा. तो २०० च्या वर गेला असेल तर दमेकऱ्यांनी व हृदयविकाराच्या रुग्णांनी त्या दिवशी घरातच येरझाऱ्या घालाव्या. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचित होतात, रक्तदाब चढतो, आणि त्यातच पहाटेची घटका हृदयाच्या दृष्टीने मुळातच नाजूक. रक्तदाबाची गोळी सिंगापुरात ज्या मात्रेने पुरत होती ती येथे पुरेलच असे नाही. घरी यंत्र असल्यास पहिले दहा दिवस सकाळ-सायंकाळ नोंद ठेवावी आणि ती वही डॉक्टरांपुढे धरावी. आपल्या अधिकारात गोळी वाढवू नये. पहाटेची गाडी धरावी लागणाऱ्या नोकरदारांनी निदान दारात उभे राहण्याचा शौक महिनाभर तहकूब ठेवावा.

मग येतो बंद घराचा प्रश्न. जून-जुलैत कुलूप लावलेले घर डिसेंबरात उघडले म्हणजे सबंध पावसाळ्याची ओल त्यात साठून, पुढे वाळून, भिंतींच्या कोपऱ्यांत व कपाटांच्या पाठीस बुरशीच्या रूपाने बसलेली आढळते. पहिले काम खिडक्या उघडण्याचे, दुसरे पाण्याच्या टाकीचे. महिनोन् महिने साचलेले पाणी सोडून द्यावे, टाकी धुऊन घ्यावी, आणि तोवर नळाचे पाणी चूळ भरावयासही वापरू नये. गाद्या, उशा, रजया आणि लोकरी कपडे यांस दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवावे. आपल्या हिवाळ्यातील दुपार या कामासाठी जणू सरकारी खर्चाने मिळते. हे केवळ वास जावा म्हणून नव्हे. ट्रंकेत आपण ज्या डांबराच्या गोळ्या घालतो त्या बहुधा नॅफ्थलीनच्या असतात, आणि शरीरात जी-सिक्स-पी-डी नामक घटक जन्मतः कमी असलेल्या तान्ह्या मुलांस त्या गोळ्यांचा संसर्ग झालेल्या कपड्यांनी रक्तपेशी फुटून काविळीचा धोका संभवतो. अशी उणीव बाळात आहे की नाही हे पुष्कळदा ठाऊक नसते. तेव्हा आजीने प्रेमाने जपून ठेवलेले, वडिलांच्या बालपणीचे स्वेटर थेट ट्रंकेतून काढून नातवाच्या अंगावर चढवू नये. ते धुऊन, उन्हात वाळवून, गोळ्यांचा वास पूर्ण गेल्यावरच वापरावे.

कपडे किती, याचे उत्तर सोपे आहे. आपल्या थंडीला जाडजूड कोट लागत नाही. सुती बनियन, त्यावर सदरा, त्यावर पुढून उघडता येणारे पूर्ण बाह्यांचे स्वेटर, आणि कान झाकणारे काहीतरी, एवढ्याने भागते. पुढून उघडते हे महत्त्वाचे, कारण अकरा वाजता ते उतरवावे लागते आणि सायंकाळी सहाला पुन्हा चढवावे लागते. डोक्यावरून घालावयाचे स्वेटर माणूस आळसाने दुपारभर अंगात ठेवतो, घामाघूम होतो, आणि तो घाम संध्याकाळी अंगावरच गार होतो.

या साऱ्या खबरदाऱ्यांत एक अशी आहे की जिच्याबाबत मला जराही सैलपणा मान्य नाही, आणि ती म्हणजे स्नानगृहातील गॅस गिझर. ठाणे-डोंबिवलीच्या सदनिकांत स्नानगृहे लहान, खिडकी वीतभर, आणि थंडी पडली की तीही लावून घेण्याची प्रवृत्ती. गॅस जळण्यास प्राणवायू लागतो. कोंडलेल्या जागेत तो अपुरा पडला म्हणजे ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनास तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्टपणे चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायांतील बळ जाते, आणि कडी काढण्याचे भान येण्यापूर्वीच माणूस खाली कोसळतो. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा दुर्घटनांच्या बातम्या छापून येतात, आणि त्या वाचून हळहळणारे आपण संध्याकाळी पुन्हा तीच खिडकी लावतो.

बाहेरगावाहून परतणाऱ्याच्या घरी हा धोका अधिक असतो, कारण यंत्र कित्येक महिने बंद राहिलेले असते. बर्नरमध्ये धूळ बसते, कोळ्याने जाळे विणलेले असते, आणि ज्योत निळी न येता पिवळी येते. पिवळी ज्योत ही अर्धवट ज्वलनाची खूण समजावी. तेव्हा पहिल्या दिवशी, कितीही थकवा असला तरी, तो गिझर पेटवू नये. स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी तापवून स्नान उरकावे, कारागिरास बोलावून यंत्र साफ करून घ्यावे, आणि शक्य असेल तर ते स्नानगृहातून काढून ड्राय बाल्कनीसारख्या मोकळ्या जागी बसवावे. ते जमेपर्यंत तरी एक नेम पाळावा: दार उघडे ठेवून बादली भरावी, गिझर बंद करावा, आणि मग दार लावून स्नानास बसावे. आत गेलेल्या माणसाची हाक येत नसेल तर शिष्टाचार न पाहता दार उघडावे अथवा तोडावे, त्यास मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. विजेचा गिझर त्यामानाने बरा. तथापि त्याचेही अर्थिंग तपासल्यावाचून कळ दाबू नये आणि स्नानास बसण्यापूर्वी ती बंद करावी. वाड्यातील तांब्याच्या बंबाची थट्टा करणाऱ्या पिढीस हे सांगावे लागते, की तो बंब धूर करी खरा, पण उघड्या अंगणात किंवा मोरीच्या हवेशीर कोपऱ्यात करी.

त्वचेच्या बाबतीत घरातील खोबरेल तेलाची बाटली उत्तम मार्गदर्शन करते. हे तेल २४ अंशांच्या आसपास गोठते. सिंगापुरात ते वर्षभर पातळच राहते. डोंबिवलीत ज्या सकाळी ते बाटलीत पांढरे घट्ट झालेले दिसेल, त्या सकाळपासून अंगाचे वेळापत्रक बदलावे. साबण कमी करावा, पाणी कढत न घेता कोमट घ्यावे, कारण कढत पाण्याने त्वचेवरील नैसर्गिक स्निग्धता धुऊन जाते, आणि अंग टिपल्यावर ते किंचित ओलसर असतानाच तेल किंवा व्हॅसलीन लावावे. स्नानापूर्वीच्या अभ्यंगाची शिफारस वाग्भटाने 'अष्टांगहृदया'तील ऋतुचर्येच्या अध्यायात हेमंत ऋतूसाठी केली आहे. दिवाळीच्या चार दिवसांपुरते आपण ते पाळतो आणि खरी थंडी सुरू होते तेव्हा नेमके सोडून देतो. टाचांच्या भेगांस कोकमाच्या मुठेलाइतका गुणकारी व स्वस्त उपाय मला दुसरा ठाऊक नाही: रात्री पाय कोमट पाण्यात ठेवून पुसावे, मुठेलाचा तुकडा पातळ करून भेगांत भरावा आणि मोजे घालून निजावे. मधुमेह्यांनी मात्र पातळ केलेले मुठेल निवल्यावाचून पायांस लावू नये. त्यांच्या पायांस चटका उमजत नाही.

आहाराविषयी आपल्या सणांनीच इतकी व्यवस्था करून ठेवली आहे की स्वतंत्र उपदेश अनावश्यक वाटावा. चंपाषष्ठीचे वांग्याचे भरीत व बाजरीचे रोडगे, भोगीच्या दिवशीची गाजर, वाल, ओला हरभरा, वांगी यांची लेकुरवाळी भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी लोण्याबरोबर, दुसऱ्या दिवशीचा तिळगूळ: स्निग्ध आणि उष्ण पदार्थांचा हा क्रम थंडीच्या चढाबरोबर चालतो. परंतु सिंगापुरातील पाच-सहा महिन्यांत जठराला भाताची व पातळ कालवणांची सवय झालेली असते, म्हणून पहिल्या आठवड्यातच डिंकाचे व मेथीचे लाडू, उंधियो आणि बाजरी यांवर एकदम तुटून पडू नये. हेमंतात अग्नी प्रदीप्त असतो हे शास्त्रवचन मधुमेह्यांनी लाडवांच्या डब्याकडे हात नेताना उद्धृत करावे, हाही काही न्याय नव्हे. खरी उणीव राहते ती पाण्याची. दमट हवेत घाम वाहतो, तहान लागते, माणूस आपोआप पितो. येथे घाम दिसत नाही, तहान लागत नाही, थंडीने लघवी मात्र वाढते, आणि वृद्ध माणूस दिवसाकाठी दोन-तीन पेले पाण्यावर राहू लागतो. थकवा, बद्धकोष्ठ, चक्कर यांचे मूळ पुष्कळदा एवढेच असते. कोमट पाण्याचा तांब्या डोळ्यांपुढे भरून ठेवावा आणि तो दुपारपर्यंत संपलाच पाहिजे असा दंडक घालावा.

सिंगापुरातील शाळांची मोठी सुट्टी नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरअखेरपर्यंत असते. त्यामुळे आजी-आजोबांच्या पाठोपाठ नातवंडेही याच दिवसांत येतात. तिकडे जन्मलेल्या मुलांना कोरडी हवा मुळी ठाऊकच नसते, आणि दोन-तीन दिवसांत एखाद्याचा घोळणा फुटतो. घरात गोंधळ उडतो, कोणी मान मागे टाकावयास सांगतो, कोणी डोक्यावर पाणी थापतो. दोन्ही चूक आहेत. मान मागे टाकल्याने रक्त घशात उतरते. मुलास बसवून किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटे सोडू नये, तोवर त्याने तोंडाने श्वास घ्यावा. एवढ्याने न थांबल्यास डॉक्टरांकडे न्यावे. पुढे न फुटावा म्हणून रात्री नाकपुडीच्या आतील कडेस व्हॅसलीनचे बोट फिरवावे. या मुलांना हिवाळ्याची मौजही अवश्य दाखवावी: ठाण्याच्या खाडीत याच सुमारास रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागतात, आणि २०१५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झालेली व २०२२ पासून रामसर यादीत समाविष्ट असलेली ती जागा ऐरोलीच्या बाजूने पाहता येते. जाताना दुपार निवडावी, हे सांगणे नलगे.

निवृत्तिवेतन घेणाऱ्यांसाठी एक दफ्तरी सूचना. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ८० वर्षांवरील निवृत्तांना तो १ ऑक्टोबरपासून देता येतो. डिसेंबरात परतणाऱ्याची ती मुदत परदेशातच टळून जाते, आणि घरी येऊन पाहावे तो बँकेत रक्कम जमा झालेली नाही, असा अनुभव अनेकांस येतो. जाण्यापूर्वीच बँकेत चौकशी करावी. २०१४ पासून 'जीवन प्रमाण' ही संगणकीय सोय आहे, आणि सिंगापुरातील भारतीय उच्चायुक्तालयातूनही असा दाखला घेता येतो. तरीही मुदत टळलीच, तर घाबरून जाण्याचे कारण नाही. दाखला रुजू केल्यावर वेतन थकबाकीसह मिळते. कर्मचारी भविष्यनिर्वाह निधीचे निवृत्तिवेतन असणाऱ्यांना वर्षात केव्हाही दाखला देता येतो व तो तेव्हापासून वर्षभर चालतो. महावितरणचे देयक थकले असल्यास वीज तोडलेली आढळेल, तेव्हा तेही तेथूनच भरत राहावे.

 

शेवटची गोष्ट तापाची. परतल्यानंतर पहिल्या दोन आठवड्यांत ताप आला, तर घरची मंडळी आणि कित्येकदा डॉक्टरसुद्धा 'हवा बदलली, थंडी बाधली' असे म्हणून मोकळे होतात, कारण डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडील डेंग्यूचा हंगाम ओसरलेला असतो. सिंगापुरात मात्र डेंग्यू बारमाही आहे, आणि डास चावल्यापासून ताप येईपर्यंत चार ते दहा, क्वचित चौदा दिवस जातात. म्हणजे तेथे चावलेल्या डासाचा ताप डोंबिवलीच्या घरी येऊ शकतो. थंडीने येणाऱ्या सर्दी-पडशात नाक वाहते, घसा खवखवतो. नाक कोरडे असून ताप चढता, डोळ्यांच्या मागे ठणका आणि सांधे पिळवटून निघत असतील, तर ते पडसे समजू नये. अशा वेळी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, पॅरासिटामॉल चालते. दवाखान्यात गेल्यावर नाव व वय सांगून होताच, डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता, आपण कोणत्या देशातून, कोणत्या तारखेस आलो हे आधी सांगावे, आणि रक्ततपासणीची चिठ्ठी मागून घ्यावी.